बाईंची जन्मवही : कामाच्या नोंदी

१४ मे २०२३

आज शाळेच्या व्हरांड्यात बसलो. अकरा जण आले, त्यातले चार मुंबईहून रात्रीच्या गाडीने. बाईंना जाऊन सव्वादोन महिने झाले.

पुतळा नको, हे पहिल्या पाच मिनिटांतच ठरलं. मग तीन गोष्टी पुढे आल्या: शाळेच्या नव्या खोलीला बाईंचं नाव, चौथीत पहिल्या येणाऱ्या मुलाला दरवर्षी बक्षीस, आणि स्मरणिका. स्मरणिकेला जास्त हात वर गेले. माझं कराडला अक्षरजुळणीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल हेच रोजचं काम. त्यामुळे मजकूर गोळा करणं आणि मांडणी माझ्याकडे आली. जाहिराती घ्यायच्या की नाही यावर एकमत झालं नाही. पुढच्या बैठकीत बघू.

या नोंदी आजपासून ठेवतोय. केलेलं काम त्याच दिवशी लिहून ठेवायची सवय बाईंनीच लावली.

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिका. १९६५ साली नोकरीला लागल्या, २००२ साली निवृत्त झाल्या. चार शाळा झाल्या, चारही पाटण तालुक्यात, त्यातल्या तीन दोन-शिक्षकी. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याच गावात राहिल्या, शेवटची आठ वर्षं भाचा आणि भाचेसून त्यांच्याजवळ होते. आमच्या खोऱ्यात 'बाई' म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव डोळ्यांपुढे येत नाही.

२१ मे २०२३

भाच्याने ट्रंक उघडून दिली. "आत्याने मला कधी हात लावू दिला नाही, तुम्हीच काढा," म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

वर टाचणवह्या, बावीस. खाली १९७३ पासूनची कालनिर्णयं सुतळीने बांधलेली (ते निघायला लागलं तेच मुळी १९७३ ला), आणि त्याआधीच्या वर्षांची दाते पंचांगं. एका खाकी पाकिटात मनीऑर्डरची कुपनं. आणि तळाला वाण्याकडे असते तशी लांबडी चोपडी, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका कोपऱ्याला कसर लागलेली.

चोपडीला नाव नाही. पहिल्या पानापासून आखलेले पाच रकाने. मुलाचं नाव. आईचं नाव. 'आईचं म्हणणं'. हिशेब. तारीख. आणि तारखेच्या पुढे बारीक अक्षरात तीनपैकी एक शेरा: 'पक्की', 'आठवडा मागेपुढे' किंवा 'महिना मागेपुढे'.

बाई आमच्या जन्मतारखा कशा काढायच्या हे आम्ही सगळे ऐकून होतो. उन्हाळ्यात पटनोंदणीला घरोघर यायच्या, चुलीपुढे पाटावर बसायच्या, आईला बोलतं करायच्या. पण त्यांनी ते सगळं शब्दाला शब्द लिहून ठेवलंय आणि चारही शाळांतून ही चोपडी बरोबर वागवलीय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी मोजल्या. ४३१ नोंदी.

माझी सापडली. १९७६ च्या पानावर. 'आईचं म्हणणं' या रकान्यात:

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. कर होती म्हणून सासूनं गावात आदल्या दिवसाची सांगितली. बाई, तुमच्या वहीत मातर खरी लिवा."

तारीख १५ जानेवारी १९७१. पक्की.

घरी माझा वाढदिवस संक्रांतीला व्हायचा आणि शाळेत दुसऱ्या दिवशी. ज्याचा वाढदिवस त्याने मधल्या सुट्टीची घंटा द्यायची, अशी बाईंची पद्धत होती. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मी तो टोल कायम करीच्या दिवशी दिला. पन्नाशी उलटली तरी हा एक दिवसाचा फरक का, ते मला कळलेलं नव्हतं. आजीला विचारायची सोय नव्हती, आईला विचारायचं सुचलं नाही. करीला झालेलं पोर अवलक्षणी ठरू नये म्हणून आजीने एक दिवस मागे ढकलला होता, आणि आईने तो बाईंकडे गुपचूप परत जागेवर नेऊन ठेवला होता.

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. ती सही करायला शिकली नव्हती. तिचा एक फोटो आहे, तोही रेशनकार्डावरचा. तिचं बोलणं कागदावर उतरलंय ते एवढंच.

चोपडीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ आहे. बाईंचं स्वतःचं नाव, त्यांच्या आईचं नाव. 'आईचं म्हणणं' कोरं. हिशेब कोरा. तारीख १-६-१९४४, आणि तिच्यापुढे कुठलाच शेरा नाही.

१ जून २०२३

सकाळपासून फोन वाजतोय. ज्या ज्या व्हॉट्सॲप गटात मी आहे तिथे आज केक आणि हार. महाराष्ट्रात एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. जन्माचा दाखला नसायचा. गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे पहिलीत घालताना वय पुरं भरायचं. पुढे तीच तारीख नोकरीला लागते आणि नोकरी संपवते. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर ३१ मे ला कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते.

बाई स्वतः ३१ मे २००२ ला निवृत्त झाल्या. आम्ही कधी १ जूनला शुभेच्छा द्यायला गेलो तर चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "ही शाळेची तारीख आहे रे, माझी नाही." त्यांची आई त्या दोन वर्षांच्या असताना गेली. सांगणारं कुणी उरलं नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावच्या कोतवालाकडे नोंद व्हायची, तीही झाली तर. कायदा आला तरी जुलैच्या पावसात डोंगरावरच्या वाडीतून ओढे ओलांडून नोंद करायला कोण खाली उतरणार? त्यामुळे सत्तरच्या, ऐंशीच्या दशकातली आमच्यातली बहुतेक मुलं कागदाविनाच शाळेत आली. ४३१ पैकी १ जून फक्त सतरा जणांच्या पुढे आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी बाईंनी लिहिलंय: 'नाइलाज'.

संध्याकाळी गटावर चोपडीच्या चार पानांचे फोटो टाकले आणि लिहिलं, की स्मरणिका नको. आपण आठवणी लिहिणार म्हणजे 'बाई फार प्रेमळ होत्या' हेच पन्नास वेळा लिहिणार. ही चोपडीच छापू. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातली एक, आता सांगलीला नर्स आहे, तिने फक्त विचारलं, "माझी नोंद आहे का बघ ना." त्यानंतर रात्री एकपर्यंत तेच चाललं होतं.

१८ जून २०२३

पहिलं रेकॉर्डिंग. ठरलंय असं: नोंदीतल्या ज्या आया हयात आहेत त्यांच्याकडे जायचं, बाईंनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं आणि त्या काय बोलतात ते उतरवून घ्यायचं.

आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. फोन घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवला, पंखा बंद केला. मी वाचलं:

"मोठा भूकंप ऐतवारी रात्री. त्याच्या म्होरल्या ऐतवारी. दत्तजयंती काल झाली हुती. मांडवात."

आजींनी लगेच मान हलवली. "आंगाशी, मांडवातच. घरात जायाला कोन धजतंय. समदं गाव रानात. भांडी मांडणीवरनं खाली आल्याली तशीच पडली हुती आठ दिस."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. कोयनानगर भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कॅलेंडरप्रमाणे तो सोमवार. आमच्या आया मात्र सगळ्या 'ऐतवारची रात' म्हणतात, कारण त्यांचा वार उजाडल्यावर बदलतो. पंचांगाचाही तसाच बदलतो. बाईंनी समासात लिहिलंय: 'घड्याळाचा सोमवार, आईचा रविवार. रात्र उजाडेपर्यंत आदल्या दिवसाचीच धरावी.' सोमवारपासून आठवडा मोजला असता तर हे मूल १८ तारखेचं झालं असतं. त्या वर्षी दत्तजयंती शनिवारी, १६ डिसेंबरला होती. दुसरा दिवस रविवार, १७. दोन्ही खुणा जुळल्या म्हणून पुढे 'पक्की'.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. भूकंपाच्या नोंदी एकूण नऊ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी बाईंनी 'कोणता?' असं विचारलेलं दिसतं. मोठ्याच्या आधी १३ सप्टेंबरलाही हादरा बसला होता आणि नंतर कितीतरी वर्षं जमीन अधूनमधून हलतच राहिली. नुसतं 'भूकंपात झाला' याला आमच्याकडे काही अर्थ नाही.

निघताना आजींनी विचारलं, "बाईनं माजं नाव लिवलंय का?" दाखवलं. वाचता येत नसताना त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी थांबवलं.

२ जुलै २०२३

पाऊस. पाटणच्या पुढे रस्ता दोन ठिकाणी खचला, रेकॉर्डिंग बंद. दुकानात बसून पानांचे फोटो घेतले. ऊन-सावली पडू नये म्हणून उत्तरेच्या खिडकीशी टेबल लावलं, पान काचेखाली दाबलं, वरून फोन. कसर मऊ ब्रशने झाडली. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावायचा मोह होतो, लावायची नाही. दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते.

प्रत्येक पानाच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरी. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला तेव्हा माणसं गेली आणि घरांतला कागदन् कागद गेला. आमच्या खोऱ्यात वस्तू एकाच घरी ठेवून भागत नाही.

टायपिंग युनिकोडमध्येच करायचं, जुन्या फॉन्टमध्ये नाही, म्हणजे पुढे कुणाला आईच्या नावावरून शोधता येईल. हस्ताक्षर वाचून देणारी यंत्रं इथे उपयोगाची नाहीत, हाताने उतरवून घ्यावं लागेल. चौघांनी पानं वाटून घेतली.

९ जुलै २०२३

पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या काढल्या. बाईंचं सगळ्यात जास्त कसब इथे दिसतं. तिथी विसरते, पण पाऊस कोणता होता हे शेतात राबणारी बाई विसरत नाही. मृग लागलं होतं, तरणा चालू होता, म्हाताऱ्याने झोडपलं होतं. तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. ही नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास येतात. मृग ७-८ जूनला, आणि पुढे प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. 'म्हातारा पाऊस' म्हटलं की २० जुलै ते २ ऑगस्ट यात जन्म आला. मग बाई दुसरा प्रश्न विचारायच्या: लावणी उरकली होती का? नवरा मुंबईहून आला होता का? गाय कधी व्यालेली? एकेका उत्तरासरशी चौदा दिवसांचे सहा व्हायचे, सहाचे दोन.

एका नोंदीत लिहिलंय: "म्हातारा. चूल पेटंना, लाकडं वली. जावंनं दुसऱ्या घरनं इस्तू आणला तवा ह्यो रडला." याला तारीख काढता आली नाही. 'आठवडा मागेपुढे'. पण बाईंनी विस्तवाची ओळ गाळली नाही.

मी लग्नपत्रिकांमध्ये मिती-शके बसवत आलोय, त्यामुळे पंचांग मला थोडंफार येतं. तरी या पानांपुढे मी विद्यार्थीच.

१९ जुलै २०२३

काल धोंड्याचा महिना लागला. यंदा अधिक श्रावण आहे.

याच निमित्ताने आमची एक चूक सापडली. १९८३ च्या पानावर एका मुलीपुढे 'धों. श्रा. पौर्णिमा' असं आहे. टाइप करणाऱ्याने 'धों.' म्हणजे वडिलांचं नाव धोंडिबा असं धरलं आणि श्रावण पौर्णिमा म्हणून २८ ऑगस्ट १९७७ लिहिलं, नारळी पौर्णिमा. मी तपासताना बाईंच्या हिशेबाशी जुळेना. तिथे ३० जुलै आहे. मग डोक्यात प्रकाश पडला: १९७७ सालीही श्रावणच अधिक होता. 'धों.' म्हणजे धोंड्याचा. पूर्ण महिन्याची चूक आम्ही छापणार होतो.

त्या मुलीला, म्हणजे आता शेहेचाळिशीतल्या बाईला, फोन केला. तिच्या जन्मानंतर अधिक श्रावण १९८५ ला आला, मग २००४ ला आणि आता यंदा. तिची तिथी यावेळी १ ऑगस्टला येते. ती म्हणाली, आई असती तर अनारसे केले असते.

इतरांनी टाइप केलेलं सगळं मी पुन्हा मूळ पानाशी लावून बघणार आहे. उशीर झाला तरी चालेल.

१३ ऑगस्ट २०२३

कोपरखैरणे. आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं गिरण्यांवर आणि माथाडी कामावर उभी राहिली, त्यामुळे निम्म्या आया आता इकडे लेकांकडे आहेत. एका दिवसात पाच घरं केली.

सत्तरीच्या एका काकूंची नोंद १६ फेब्रुवारी १९८० ची, सूर्यग्रहणाच्या दिवसाची. खग्रास पट्टा कारवारकडून गेला, आमच्याकडेही भर दुपारी सूर्य जवळजवळ झाकला होता. काकूंना सकाळपासून कळा येत होत्या आणि सासू हलू देईना: काही चिरू नको, कूस बदलू नको. "गिराण सुटलं, माजी आंघूळ झाली आन् मग ही झाली. तोवर दात आवळून पडल्याली." बाईंच्या वहीत हेच आहे, दोन शब्द इकडचे तिकडे. त्रेचाळीस वर्षांनी.

खाकी पाकिटातल्या कुपनांचाही उलगडा इथेच झाला. गिरणीतून घरधनी मनीऑर्डर पाठवायचा तेव्हा खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे. मूल झालं की घरची बाई बाईंकडून पत्र लिहून घ्यायची. पुढच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर 'मुलगा झाला ते समजले, तब्बेत सांभाळणे' असं यायचं, आणि त्यावर पोस्टाचा तारखेचा शिक्का. आयांनी ही कुपनं देवाच्या फोटोमागे जपून ठेवली आणि बाईंनी ती मागून घेतली. पत्र जायला चार दिवस, पगार अमुक तारखेला, म्हणजे जन्म कधीच्या आधी, असा हिशेब मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेला आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला. त्यानंतरच्या तारखेचं एकही कुपन पाकिटात नाही.

५ सप्टेंबर २०२३

बैठक. जाहिराती नकोत असं ठरलं. प्रत्येकाने जमेल तेवढे घालायचे, यादी छापायची नाही.

८ ऑक्टोबर २०२३

हे लिहायला जड जातंय. आयांनी बाईंना जे सांगितलं ते सगळं छापण्यासारखं नाही. एकीने नवऱ्याबद्दल सांगितलंय, एकीने पहिलं मूल कसं गेलं ते, एकीने जे सांगितलंय ते मी इथेही लिहिणार नाही. बाईंनी ते लिहून ठेवलं कारण त्यात तारखेची खूण होती. कुणाला दाखवायला नव्हे.

म्हणून ठरवलं: प्रत्येक घराची परवानगी, आई असेल तर आईची, नसेल तर मुलांची. अकरा घरांनी नको म्हणून सांगितलं. त्यांच्या ओळी रिकाम्या सोडायच्या, काढून टाकायच्या नाहीत. क्रमांक राहील, रकाने कोरे राहतील. गटात एकजण म्हणाला की कोऱ्या ओळी वाईट दिसतील. मला तसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३

शाळांच्या जनरल रजिस्टरशी तारखा ताडून बघायच्या होत्या. पण सध्या राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालू आहे, जुनी रजिस्टरं तपासणीसाठी तालुक्याला गेलीत. तीन आठवडे थांबायला सांगितलंय. थांबू.

एका शाळेतलं आधीच बघून झालं होतं. तिथे वहीतली तारीख आणि रजिस्टरातली तारीख एका ठिकाणीही वेगळी निघाली नाही. फरक एवढाच, की रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आईला तिथे रकानाच नव्हता.

११ डिसेंबर २०२३

भूकंपाला छप्पन्न वर्षं झाली. जूनमधल्या आजी परवा गेल्या. त्यांचं रेकॉर्डिंग लेकाला पेनड्राइव्हवर नेऊन दिलं. एकूण आया भेटल्या त्रेसष्ट. यादीतल्या सात अजून राहिल्यात, आणि आता उशीर करून चालणार नाही.

१४ जानेवारी २०२४

मांडणी पक्की केली. चोपडीच्याच मापाचं लांबडं पुस्तक, आडवं उघडणारं. डावीकडे मूळ पानाचा फोटो, उजवीकडे छापील. आईचं म्हणणं जसंच्या तसं, 'न्हाई'चं 'नाही' करायचं नाही. मुद्रितशोधन करणाऱ्याने सवयीने तीन पानांवर 'शुद्ध' केलं होतं, परत बदलून घेतलं. मूळ वहीत मुलाचं नाव पहिलं आहे. आमच्यातल्या दोघींचं म्हणणं आईचं पहिलं घ्यावं. पण वही बाईंची आहे, रकान्यांचा क्रम बदलायचा नाही, असं शेवटी सगळ्यांनीच मान्य केलं.

उद्या वहीप्रमाणे माझा वाढदिवस, यंदा संक्रांतही उद्याच आहे. शाळेत जाऊन टोल द्यायचा विचार होता, पण रुळाचा तुकडा आता तिथे नाही, विजेची घंटा आहे. तरी जाणार.

११ फेब्रुवारी २०२४

भाच्याला एक पत्ता सापडला. बाईंची मामेबहीण, वय नव्वदीच्या घरात, मोरणा खोऱ्यात. आम्ही तिघे गेलो. शेवटच्या पानावरची ओळ त्यांना वाचून दाखवली. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग:

"आत्या बाळंतपणाला आली हुती आमच्यात. भातं झोडत हुती समदी खळ्यावर. मी ल्हान, पाखरं हाकत हुते. पोलीस आलं, पोलीस आलं, असं कुनीतरी वराडलं. माळ्यावर पत्री सरकारची माणसं निजल्याली. ती मागल्या दारानं पळाली आन् त्यांच्या मागनं आयनं आत्याला रानात न्हेली, तसल्यात. कोपीत झाली ही."

मी विचारलं, दिवाळी झाली होती? "झालीवती. पनत्या शिक्यात ठेवल्याल्या आठवत्यात."

क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात १९४३ पासून १९४६ पर्यंत होतं. शाळेने १९४४ धरलंय. म्हणजे भाताची सुगी १९४३ ची किंवा १९४४ ची. आणखी एखादी खूण लागेल. बाईंनी हेच केलं असतं. मी विचारलं, त्या कोपीत आणखी कोण होतं? कोपीवाल्याची सून होती, म्हणाल्या, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. तिची लेक कुंभार्ली घाटाखाली दिली आहे, म्हातारी तिच्याकडेच असते. असली तर.

२० मार्च २०२४

आज फाल्गुन शुद्ध एकादशी, बाईंची तिथी. गेल्या वर्षी ती ३ मार्चला होती. मध्ये धोंडा आल्यामुळे वर्षश्राद्ध तेरा महिन्यांवर गेलं. पुस्तकं काल रात्री बांधून आली, दीडशे. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली, भाषणं ठेवली नाहीत. ज्या आया येऊ शकल्या त्यांच्या हातात आधी दिलं. त्यांनी आपापलं पान काढून घेतलं, लेकींकडून, नातवांकडून वाचून घेतलं. एकाच वेळी दहा-बारा जणी वाचून घेत होत्या, नुसता कालवा. मधूनच कुणीतरी म्हणायचं, "व्हय व्हय, अस्संच."

याच महिन्यात सरकारने निर्णय घेतलाय: १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव लागेल. शाळेतल्या सध्याच्या बाईंनी हे सांगितलं आणि चोपडीचं १९६८ चं पहिलं पान सगळ्यांना उघडून दाखवलं.

मूळ चोपडी भाच्याने शाळेला दिली. देण्यापूर्वी आम्ही शेवटचं पान उघडलं. 'आईचं म्हणणं' या रकान्यात मामेबहिणीचं बोलणं लिहिलं, 'आईचं' खोडलं नाही, पुढे 'मामेबहीण सांगते' एवढं जोडलं. हिशेबात: भाताची सुगी, दिवाळीनंतर, प्रतिसरकारच्या काळात. १९४३ की ४४ ठरत नाही. शेरा: 'महिना मागेपुढे, वर्ष मागेपुढे'. हा चौथा शेरा वहीत आधी कुठेच नाही. सगळं पेन्सिलीने लिहिलं, कारण घाटाखालच्या म्हातारी हयात आहेत, परवा फोन लागला. ऐकू कमी येतं, पण लेक म्हणाली सकाळच्या वेळी चांगल्या बोलतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणकडे जायचं. फोन, घोंगडी, आणि खोडरबर बरोबर घ्यायचा.